नवी पाटी की जुनी?

"मॅडम, तुम्ही आत्ताच एका सार्वभौम देशाला आडवं पाडलंत."

मी कमरेत वाकून, कुणाच्या नजरेत येणार नाही अशा बेतानं खुर्च्यांच्या मागून परत निघाले होते, ती तशीच थांबले. मस्यू पेल्तिए यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मी नुकतीच आडवी केलेली त्यांच्या देशाच्या नावाची पाटी त्यांनी दोन बोटांनी उचलली आणि पुन्हा उभी करून ठेवली.

"माफ करा," मी म्हटलं. "तुमचं बोलून झालं होतं, म्हणून..."

"माझं बोलून झालं की नाही, ते मी ठरवेन."

शेजारच्या खुर्चीवरच्या लोसाबाई समोरच्या कागदात तोंड खुपसून हसू दाबत होत्या. मी पुन्हा एकदा माफी मागितली आणि अध्यक्षांच्या मागच्या माझ्या खुर्चीवर जाऊन बसले. कान तापले होते. इतकी वर्षं मी त्या माणसाची पाटी आडवी करत आले होते आणि त्यांनी एकदाही मान वर केली नव्हती. आजच कुठली माशी शिंकली ते कळेना.

हे पाटीचं प्रकरण आधी सांगायला हवं. मी तेव्हा इटलीतल्या त्रिएस्त शहरात, लहान बंदरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेत सभा-सहायक होते. नवरा जहाजावर इंजिनिअर, त्याच्या कंपनीचं कार्यालय तिथलं, म्हणून आम्ही तिथले. संघटनेचं नाव भारदस्त होतं. माझं काम म्हणजे पाण्याच्या बाटल्या, माइक, कागदांचे गठ्ठे आणि अध्यक्षांच्या कानाशी कुजबुजणं. लग्नघरात एखादी मावशी असते बघा, तिला कुणी व्यासपीठावर बोलावत नाही, पण अंतरपाट कुठे ठेवलाय ते फक्त तिलाच ठाऊक असतं. मी ती मावशी होते.

सभेत प्रत्येक देशापुढे त्याच्या नावाची पाटी असते. बोलायचं असेल तर प्रतिनिधीनं ती उभी करायची. अध्यक्ष पाट्या बघून एकेकाला बोलायला सांगतात. बोलून झालं की पाटी आडवी करायची. सोपं आहे, पण थोरामोठ्यांना सोप्याच गोष्टी लक्षात राहत नाहीत. भाषण ठोकून झालं की माणूस स्वतःवर खूश होऊन बसतो आणि पाटी राहते उभी. मग अध्यक्षांना कळत नाही की याला पुन्हा बोलायचंय की हा विसरलाय. ते विचारतात, "नवी पाटी की जुनी?" जुनी असली की तो ओशाळून आडवी करतो. हे वारंवार व्हायला लागलं की मी वाकत वाकत जाऊन ती हळूच आडवी करायची, अशी आमच्याकडे पद्धत होती.

पेल्तिए यांच्यासारखा विसराळू दुसरा नव्हता. देशाचं नाव सांगत नाही, त्या नोकरीनं लावलेली सवय आहे. पण देश मोठा होता, संघटनेचा खर्च बराचसा तोच उचलायचा, आणि आपण तो उचलतो हे पेल्तिए कुणाला विसरू देत नसत. विषय कुठलाही असो, त्यांना बोलायचं असे. गाळ काढण्यावर बोलत, दिव्यांच्या रंगांवर बोलत, आदल्या वक्त्याच्या बोलण्यावर बोलत. उंच, काटकुळे, गळ्याशी कायम तोच करडा टाय. मला ते अजिबात आवडत नसत आणि ते मी लपवायचा फारसा प्रयत्नही करत नसे.

लोसाबाईंचं अगदी उलट. पॅसिफिकमधल्या एका बेटाच्या त्या एकमेव प्रतिनिधी. बेटावर बंदर अधिकारीही त्याच, आणि सभेला यायचं तर तिकीटही एकाचंच परवडायचं. दर वर्षी येताना नारळाच्या बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणायच्या. चव थेट आपल्या खोबऱ्याच्या वडीची, फक्त जरा कडक. पहिलं बिस्किट शेजारी म्हणून पेल्तिए यांना, मग मला. सभेत कुठल्या देशानं पहिल्या खुर्चीवर बसायचं याची दर वर्षी चिठ्ठी काढतात आणि तिथून पुढे वर्णमालेप्रमाणे सगळे बसतात. त्यामुळे जागा दर वर्षी बदलते, पण शेजार बदलत नाही. ह्या दोन देशांची नावं वर्णमालेत एकमेकांना चिकटून होती.

लोसाबाईंचा विषय दर वर्षी एकच: आमचा धक्का बंदर म्हणून नोंदवून घ्या. आणि दर वर्षी पेल्तिए पाटी उभी करून सांगायचे, की माझ्या सरकारचा आक्षेप आहे. उद्या समुद्रात चार दगड टाकून कुणीही बंदर म्हणवून घेईल आणि मग त्या सगळ्यांचा गाळ काढायचा खर्च आम्ही करायचा. आमच्याकडे मतदान नसतं. आक्षेप कुणाचाच नसेल तर अध्यक्ष लाकडी हातोडी आपटतात आणि विषय मंजूर. एकाचा जरी आक्षेप असला तरी तो पुढच्या वर्षावर. असा तो कितीतरी वर्षं पुढे जात होता. संध्याकाळी अमान्य झालेल्या लोसाबाई दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच माणसापुढे डबा धरायच्या.

"त्यांना कशाला देता?" मी एकदा न राहवून विचारलं होतं.

"शेजारी आहे," त्या म्हणाल्या. जणू मी काहीतरी विचित्रच विचारलं होतं.

पेल्तिए मला बोलले त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत लोसाबाई मला जिन्याशी भेटल्या. बाहेर बोरा वारा सुटला होता. त्रिएस्तचा तो वारा आला की माणसं दिव्याच्या खांबांना धरून चालतात. काचा खडखडत होत्या.

"नीला, ह्या वर्षी झालं नाही तर पुढच्या वर्षी मी येणार नाही," त्या म्हणाल्या.

"का हो?"

"येऊ कशी? बोटच नसेल. कंपनीनं कळवलंय, विमावाले ऐकत नाहीत. नोंदलेलं बंदर नसेल तिथे नव्या वर्षापासून बोट लावणार नाहीत. तांदूळ बोटीनं येतो, रॉकेल बोटीनं येतं. पोरं मोठ्या शाळेला बोटीनं जातात. बाळंतपण अडलं तर बाई बोटीनं जाते."

त्या हे अगदी साध्या आवाजात सांगत होत्या. मी वेंगुर्ल्याची. माझे बाबा बंदर खात्यात कारकून होते. मुंबईची बोट यायची त्या दिवशी आमच्या गावात दिवाळी असायची असं ते सांगायचे, आणि बोट बंद झाल्यावर काय झालं ते सांगायचे नाहीत. ते मी पाहिलं होतं. धक्क्यावरचं हॉटेल बंद झालं, मग वखारी, मग एकेक घर. संध्याकाळी बाबा धक्क्यावर जाऊन नुसते बसायचे. बोट गेली की गावाचं काय होतं हे मला कुणी समजावून सांगायला नको होतं.

"पेल्तिए यांच्याशी बोललात?" मी विचारलं.

"बोलले. सगळं सांगितलं, विम्याचंसुद्धा. तो म्हणाला, राजधानीतून आदेश आहे. त्याच्या हातात काय आहे?"

"निदान बिस्किटं तरी देऊ नका आता."

लोसाबाई हसल्या. "त्याला मधली, जास्त भाजलेली आवडतात. ती दुसरं कुणी खात नाही."

मी काही बोलणार, तेवढ्यात फुर्लानबाईंनी मला आत बोलावलं. फुर्लानबाई म्हणजे आमच्या सभा विभागाच्या प्रमुख, मूळच्या त्रिएस्तच्याच, जातील तिथे एस्प्रेसोचा कप हातात. त्या चिडल्या की अतिशय हळू बोलत, आणि आत्ता जवळजवळ ऐकू येत नव्हतं.

"पेल्तिए यांनी तक्रार केलीय."

"कुणाची?"

"तुझी. त्यांच्या देशाच्या पाटीला कर्मचारी हात लावतात, हा देशाचा अवमान आहे. शिवाय अध्यक्ष त्यांना चारचौघांत सारखं नवी पाटी की जुनी असं विचारतात, तोही अवमान आहे."

"अहो, ते विसरतात म्हणून विचारतात."

"मला माहीत आहे. कॅप्टनसाहेबांनाही माहीत आहे. पण त्यांनी मान्य केलं." कॅप्टन हेन्रिक म्हणजे त्या वर्षीचे अध्यक्ष, निवृत्त दर्यावर्दी, डाव्या कानानं अधू. "आता असं ठरलंय, की त्या पाटीला कुणी हात लावायचा नाही आणि तिच्याबद्दल कुणी काही विचारायचं नाही. पेल्तिए यांना बोलायचं असेल तेव्हा ते स्वतः माइक लावतील. लाल दिवा दिसला की बोलायचंय, नाही दिसला की नाही."

"आणि पाटी?"

"पाटी राहू दे उभी. तिचे पाय दुखत नाहीत."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तशीच तणतणत मी यामिनीताईंना गाठलं. यामिनीताई दातार आमच्या दुभाष्या, मूळच्या पुण्याच्या, अर्धा जन्म पॅरिसमध्ये गेलेला. पेल्तिए फ्रेंचमध्ये बोलत आणि यामिनीताई काचेच्या बूथमध्ये बसून त्यांना इंग्रजीत आणत. कॅप्टनसाहेब ते कानाला लावून ऐकत. त्यामुळे आख्ख्या संघटनेत पेल्तिए यांना सर्वात जास्त सहन केलेलं माणूस म्हणजे यामिनीताई.

"तुझी तरी एकदाच तक्रार केली," त्या म्हणाल्या. "मला तर रोज त्यांच्या तोंडून बोलावं लागतं. माझा नवरा म्हणतो, हल्ली तू भांडतानासुद्धा 'माझ्या सरकारचं असं मत आहे' म्हणतेस."

"लोसाबाईंचा विषय आज शेवटचा आहे, ताई."

"मग तो यायचाच नाही. सहा वाजता आम्ही उठणार. तो नियम आहे बाई, मी केलेला नाही. दुभाषी उठले की सभा संपली. आणि हा मनुष्य दुपारभर बोलून सहा वाजवणार, बघ तू."

दुपारची सभा सुरू झाली आणि यामिनीताईंचं खरं व्हायला लागलं. पेल्तिए यांची पाटी सकाळपासूनची तशीच उभी. ते मधूनमधून माइकचं बटण दाबत, लाल दिवा लागे, ते बोलत, दिवा विझे, पाटी उभीच. सुरुवातीला कॅप्टनसाहेबांची नजर सवयीनं तिच्यावर जाऊन अडखळे. मी मागून म्हणायची, "जुनी आहे." तासाभरानं त्यांनी तिच्याकडे बघणंच सोडलं. भिंतीवरच्या घड्याळाकडे किंवा खिडकीच्या पडद्याकडे बघतो, तसं सगळं सभागृह आता त्या पाटीकडे बघत होतं, म्हणजे बघत नव्हतं.

पाच वाजून गेले. लोसाबाईंच्या आधीचा एकच विषय उरला होता, नांगरांच्या साखळ्यांचा. त्यावर पेल्तिए यांचं भाषण म्हणजे अर्ध्या तासाची निश्चिंती. बूथमध्ये यामिनीताईंनी घोटभर पाणी पिऊन घेतलं. लाल दिवा लागला.

"अध्यक्षमहाराज," पेल्तिए म्हणाले, "वेळ थोडा आहे. ह्या विषयावरचं माझं म्हणणं मी लेखी देईन. आभारी आहे."

दिवा विझला. काचेमागे यामिनीताईंनी माझ्याकडे बघून दोन्ही भुवया वर केल्या. कॅप्टनसाहेबांनी कानावरचं यंत्र काढून पाहिलं, त्यांना वाटलं ते बिघडलंय. मी मनात म्हटलं, घाई झालीय याला. लवकर लोसाबाईंचं नाक कापून विमानतळावर जायचं असणार.

साखळ्या मंजूर झाल्या आणि लोसाबाईंचा विषय आला. त्यांनी आपली पाटी उभी केली. त्या फार बोलल्या नाहीत. धक्का आहे, लांबी इतकी आहे, दिवा आहे, तो रोज लागतो आणि तो लावणारी मीच आहे, एवढंच म्हणाल्या. मग त्यांनी पाटी व्यवस्थित आडवी केली आणि दोन्ही हात तिच्यावर ठेवून बसल्या. त्या हातांकडे बघवत नव्हतं.

कॅप्टनसाहेबांनी मी लिहून दिलेलं वाक्य वाचलं. "या प्रस्तावाला कुणाचा आक्षेप आहे का?"

दर वर्षी ह्या जागी पेल्तिए यांचा आवाज येई. मी त्यांच्याकडे बघितलं. पेल्तिए चष्मा पुसत होते. टायच्या टोकानं एक काच पुसली, उजेडात धरून बघितली, मग दुसरी पुसायला घेतली. पाटी उभी. माइक बंद.

कॅप्टनसाहेब माझ्याकडे, उजव्या कानाच्या बाजूला, झुकले. "पेल्तिए?" त्यांनी हळूच विचारलं.

मी खोटं बोलणार नव्हते. पण खरं काय आहे तेच सांगायचं होतं आणि ते सांगायला मला इतका आनंद त्याआधी कधी झाला नव्हता.

"पाटी सकाळपासूनची आहे. दिवा नाही."

"आक्षेप दिसत नाही," कॅप्टनसाहेब म्हणाले. "मंजूर." आणि हातोडी आपटली.

पेल्तिए यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, इकडेतिकडे बघितलं आणि ताडकन उभे राहिले. त्यांचे ओठ हलत होते, हात हलत होते, पण ऐकू काहीच येत नव्हतं. त्यांनी माइक लावलाच नव्हता. दुभाष्यांचा नियम असा की माइकमधून आलं नाही ते बोललंच गेलं नाही. यामिनीताई काचेमागे हाताची घडी घालून शांत बसल्या होत्या. शेवटी कुणीतरी खूण केली तेव्हा पेल्तिए यांनी बटण दाबलं.

"माझ्या देशाची पाटी उभी होती."

"मस्यू पेल्तिए," कॅप्टनसाहेब म्हणाले, "हातोडी पडली आहे. पडलेली हातोडी मी उचलून परत घेऊ शकत नाही. आणि दिव्याची सोय तुम्हीच सुचवली होती."

"मग निदान इतिवृत्तात नोंद करा. आमची पाटी उभी होती."

"नोंद करू."

"स्पष्ट शब्दांत."

"स्पष्ट शब्दांत करू."

पेल्तिए खाली बसले. मागच्या रांगांतून हसण्याची एक लाट येऊन गेली. लोसाबाईंना अजून समजलंच नव्हतं. पलीकडच्या कुणीतरी त्यांचा खांदा हलवला तेव्हा त्यांनी तोंडावर हात घेतला आणि रडायला लागल्या. रडता रडताच त्यांनी पिशवीतून डबा काढला आणि सवयीनं आधी शेजारी धरला. पेल्तिए यांनी कपाळाला आठ्या घालून त्यातलं मधलं, जास्त भाजलेलं बिस्किट उचललं. केवढा निर्लज्ज माणूस, असं मला वाटलं.

सहा वाजता दुभाषी उठले. आम्ही वाऱ्यातून एकमेकींना धरून चालत निघालो, तर यामिनीताई मध्येच थांबल्या.

"नीले, एक सांगू? तो मनुष्य माइक विसरणारा नाही गं. झोपेतसुद्धा आधी बटण दाबत असेल."

"म्हातारे झाले, ताई. आपल्याच सवयीनं खड्ड्यात पडले. आता तुम्ही त्यांची बाजू घेऊ नका."

"बाजू नाही घेत. इतकी वर्षं त्यांचं ऐकलंय म्हणून म्हटलं."

पुढच्या वर्षी पेल्तिए आले नाहीत. त्यांच्या जागी एक तरुण, गुळगुळीत गृहस्थ आले, बोलून झालं की पाटी न चुकता आडवी करणारे. मी आणि यामिनीताईंनी तो आनंद समुद्रकाठी आइस्क्रीम खाऊन साजरा केला. लोसाबाई आल्या, बोटीनं निघून आल्या, आणि त्यांनी धक्क्याचा फोटो आणला होता. ही गोष्ट मी पुढे किती जणांना सांगितली असेल. पेल्तिए आपल्याच पाटीला कसे अडकले, हे मी नकलेसकट सांगायची. चष्मा पुसण्याची नक्कल तर माझा नवरा पाहुण्यांसमोर फर्माईश करून करायला लावायचा.

मग मी निवृत्त झाले. यामिनीताई पॅरिसला लेकीकडे गेल्या. आणि एका सकाळी समुद्राजवळच्या कॅफेत मी कॉफी पीत बसले होते, तर शेजारच्या टेबलावरून आवाज आला.

"वराडकर मॅडम. तुम्ही कधीकाळी माझा देश आडवा पाडला होतात."

काठी आली होती, केस गेले होते, टाय तोच असावा. मी हसले आणि त्यांना माझ्या टेबलावर बोलावलं. इतक्या वर्षांत माझा राग विरून गेला होता, शिवाय जिंकलेल्याला मोठं मन परवडतं. ते सहज फिरायला आले होते, एकटेच. समुद्र बघायला, म्हणाले. त्यांनी टेबलावरचं मेनूकार्ड समोर उभं केलं आणि वेटरची वाट बघायला लागले. मला हसू आवरेना.

"अजून तीच सवय? त्या दिवशी पाटीनं तुम्हाला चांगलंच गोत्यात आणलं होतं."

"गोत्यात?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. "पाटीनं मला वाचवलं, मॅडम."

"म्हणजे?"

"राजधानीहून मला आदेश होता, त्या विषयावर पाटी उभी ठेवावी. एवढंच वाक्य. आमच्याकडे आदेश थोडक्यात लिहितात. मी पाटी उभी ठेवली. सकाळीच ठेवली, म्हणजे उशीर झाला असं कुणी म्हणायला नको."

मी कप खाली ठेवला. "आणि ती माझी तक्रार?"

"तुम्ही फार कामसू होतात. सारख्या येऊन आडवी करायचात. मग लोसाच्या विषयाला मला ती सगळ्यांदेखत पुन्हा उभी करावी लागली असती. ती नवी पाटी झाली असती. नवी पाटी सगळ्यांना दिसते."

"माइक?"

"विसरलो," ते म्हणाले. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

यामिनीताई पुढ्यात असत्या तर मी त्यांचे पाय धरले असते. मी एवढंच विचारलं, "मग राजधानीत कुणाला कळलं नाही?"

"चौकशी झाली. मी इतिवृत्त दाखवलं. स्पष्ट शब्दांत लिहिलं होतं, पाटी उभी होती. त्यामुळे नोकरी राहिली. पण मूर्ख ठरलो होतो, आणि मूर्खाला कुणी परदेशी पाठवत नाही. तळघरातल्या जुन्या कागदांवर नेमलं. काम वाईट नव्हतं. फक्त तिथून समुद्र दिसायचा नाही."

मला ते आइस्क्रीम आठवलं. नकला आठवल्या, पाहुण्यांचं हसणं आठवलं. मला मनापासून वाईट वाटलं.

"का केलंत?" मी विचारलं.

ते बाहेर, धक्क्याकडे बघायला लागले. "आमच्या देशांची नावं वर्णमालेत शेजारी आहेत, त्याला मी काय करणार? दर वर्षी सकाळी तिचं बिस्किट खायचं आणि संध्याकाळी तिला नाही म्हणायचं. वय झालं की ते पचत नाही."

"लोसाबाईंना ठाऊक आहे?"

"आम्ही कधी बोललो नाही." मग काठी सरळ करत म्हणाले, "पण दर नव्या वर्षाला डबा येतो. त्यात सगळी जास्त भाजलेलीच असतात."

"इतक्या लांबून? कसा येतो?"

"बोटीनं," पेल्तिए म्हणाले.

वेटर दोनदा आमच्या जवळून गेला, त्याचं लक्षच नव्हतं. टेबलावर मेनूकार्ड उभं होतं. सवयीनं माझा हात ते आडवं करायला पुढे गेला. मी तो मागे घेतला आणि कार्ड तसंच उभं राहू दिलं.